बेल्जियममधून बेळगाव

मराठी माणूस युरोपात दोन-तीन वर्षं राहिला की त्याला भारतातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं सापडायला लागतात. बेळगावपुरतं उत्तर ठरलेलं आहे: "बेल्जियमकडे बघा, भाषेचं भांडण कसं शहाण्यासारखं मिटवलं." मी बेल्जियममध्येच, डचभाषक भागातल्या लूव्हेनला राहतो. इथे काहीही मिटलेलं नाही.

2024 साली ब्रसेल्सजवळ एका रेल्वेत कंडक्टरनं डब्यात येऊन डच आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत नमस्कार केला. गाडी अजून फ्लेमिश, म्हणजे सरकारी कामात फक्त डच चालणाऱ्या हद्दीत होती, ब्रसेल्सची द्विभाषिक हद्द थोडी पुढे. एका प्रवाशाला ते फ्रेंच 'बोन्जूर' खटकलं आणि त्यानं भाषा-आयोगाकडे रीतसर तक्रार केली. हसण्यासारखंच आहे. पण पुढच्याच फेब्रुवारीत बेळगाव तालुक्यात मराठी-कन्नड वादातून कर्नाटकच्या एसटी कंडक्टरला मारहाण झाली. मग चित्रदुर्गला महाराष्ट्राच्या एसटी चालकाला काळं फासलं गेलं आणि दोन्ही राज्यांनी एकमेकांकडे जाणाऱ्या गाड्या बंद केल्या. त्या दिवसांत बेल्जियमच्या त्या तक्रारीचा मला हेवा वाटला. इथे आगाऊपणालाही अर्ज भरावा लागतो.

ही शिस्त उपजत आलेली नाही. 1960च्या दशकात याच लूव्हेनच्या रस्त्यांवर 'वालून बाहेर', म्हणजे फ्रेंचभाषक बाहेर, अशा घोषणा होत्या. 1968 मध्ये त्यावरून सरकार पडलं, जुनं विद्यापीठ दुभंगलं आणि फ्रेंच अर्ध्यासाठी लुव्हाँ-ला-नव्ह हे अख्खं नवं गाव वसवावं लागलं. दोन्ही महायुद्धांत जळलेलं इथलं ग्रंथालयही वाटणीत निघालं. बराचसा संग्रह कपाटावरच्या क्रमांकानं, सम एकाला आणि विषम दुसऱ्याला असा वाटला गेला. भाऊबंदकीत भांडी वाटावीत तसा.

भाषेची सीमा कायद्यानं आखली गेली 1962-63 मध्ये. त्याआधी दर जनगणनेनंतर गावांची भाषा बदलू शकायची, म्हणून प्रत्येक मोजणीची निवडणूक व्हायची. शेवटी त्यांनी मोजणीच बंद केली. 1947 नंतर बेल्जियममध्ये भाषिक जनगणना झालेली नाही. सीमाप्रश्नात खेडं हा घटक आणि बहुसंख्य भाषकांची टक्केवारी या मुद्द्यांवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना हे पचायला जड जाईल. तरीही फूरनची सहा खेडी फ्रेंचभाषक लिएज प्रांतातून काढून डचभाषक लिम्बुर्गला जोडली, ती जखम राहिलीच. वस्ती जेमतेम चार हजार. तिथला महापौर जोसे आपार आपल्याला डच येतं हे सिद्ध करायला तयार नव्हता, आणि त्या वादात 1987 मध्ये देशाचं सरकार कोसळलं.

मग वेगळं काय केलं? सीमेलगतच्या 27 नगरपालिकांत दुसऱ्या भाषेच्या लोकांना हक्क दिला: गाव कुठल्याही बाजूला असो, दाखला, नोटीस, कर-पत्र आपल्या भाषेत मागता येतं. त्यावरही कटकटी चालतात. दर वेळी नव्यानं मागायचं का, यावर फ्लेमिश सरकारनं 1997 मध्ये परिपत्रक काढलं आणि ते भांडण कोर्टात गेलं. पण भांडण कागदाच्या भाषेवर आहे, जमिनीवर नाही.

आपल्याकडे उलटं झालं. 1956च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून सगळा जोर नकाशावर. बेळगाव तिकडेच ठेवणारा महाजन आयोगाचा 1967चा अहवाल महाराष्ट्रानं नाकारला, 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, 865 गावांची मागणी कायम आहे. दावा सोडा असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला मी कोण, निपाणीत माझं घरही नाही. पण पंधरा टक्क्यांहून जास्त अल्पभाषक असलेल्या भागात महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे केंद्राच्या जुन्या योजनेत लिहिलेलं आहे. घटनेच्या 350-ब कलमाखाली त्यासाठी स्वतंत्र आयुक्त आहे. सीमाभागातल्या म्हाताऱ्याला जमिनीचा कन्नड उतारा घेऊन वाचणारा शोधावा लागतो, यावर कधी बंद झालेला मला आठवत नाही.

बेल्जियमची नक्कलही नको. इथे डच आणि फ्रेंच भाषकांचे बहुतेक पक्ष वेगळे, टीव्ही वेगळा, वर्तमानपत्रं वेगळी. माझ्या ऑफिसातल्या फ्लेमिश सहकाऱ्यांना वालून राजकारण्यांची नावं सांगता येत नाहीत. बेळगावच्या बाजारात एकच बाई भाजीवाल्याशी कन्नडमध्ये, रिक्षावाल्याशी हिंदीत आणि मुलाशी मराठीत बोलते. ती सरमिसळ बेल्जियमनं सीमा आखताना गमावली, आणि आता सरकारी पैशानं भाषा-विनिमयाचे कार्यक्रम करतात.

1 नोव्हेंबरचा काळा दिवस दर वर्षी पाळला जातो आणि मुंबईतून दर वर्षी पाठिंब्याचं पत्रक निघतं. त्या पत्रकात नकाशाची एक ओळ कमी करून मराठी उताऱ्याची एक ओळ घालायला कुठल्याच पक्षाची हरकत नसावी. घातली जात नाही, कारण उतारा मिळाला तर पुढच्या वर्षी मागायला काही उरत नाही.