आधी शिफ्ट दाबा, मग नावं ठेवा

जुन्या कॉम्प्युटर गेम्सवरच्या एका लेखात म्हटलंय की १९८९ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आज खेळवत नाही, पहिल्याच तळघरात दहादा मरतो, म्हणून असले गेम सोडून द्यावेत. अहो, दहादाच? परभणीत कॉम्प्युटर क्लासच्या कोपऱ्यातल्या पीसीवर आम्ही आठवडाभर मरत होतो. सर चहाला गेले की खेळायचं, त्यात लोडशेडिंग. मी तर तलवार न घेताच पहारेकऱ्यावर धावून जायचो. तलवार डाव्या बाजूला खाली पडलेली असते, हे शेजारच्या पोरानं सांगितलं, तेही समोसा घेऊन.

खरी गोम कीबोर्डवरच्या शिफ्ट बटणात आहे. शिफ्ट धरून बाणाचं बटण दाबलं की राजपुत्र एकेक पाऊल जपून टाकतो, कड्याशी थांबतो. खिळ्यांतूनही तसाच चालत पार होतो, पळाला की मेला. पडताना शिफ्ट दाबून धरली तर कडा पकडतो. एवढं बोटांत बसलं की निम्मा गेम सोपा. ‘टूम रेडर’ या दुसऱ्या जुन्या गेममध्येही बटणाचीच गोम. त्यातली नायिका लारा पाऊल पुरं करूनच उडी घेते, म्हणून कड्यावर पोचायच्या आधीच बटण दाबावं लागतं.

आणि ‘प्रिन्स’ ६० मिनिटांत संपवायचा असतो, पण त्या घड्याळाकडं सुरुवातीला बघूच नका. वेळ संपला तर संपला, वाट तर पाठ होते ना! परवा भाच्याला बसवलं. तासाभरात पोरगं तीनदा चिडलं, जेवायला हाक मारली तर म्हणतंय, “मामा, थांब की, कडा धरलाय.”