ग्रियोंच्या घरी आलेले वादक

पश्चिम आफ्रिकेच्या ग्रियो संगीताबरोबर बाहेरच्या कलाकारांनी केलेले प्रयोग हल्ली भरपूर ऐकायला मिळतात. बरेचदा कोरा या तिथल्या तंतुवाद्याचे चार गोड सूर उचलायचे, खाली ड्रमचा ठोका लावायचा आणि वर फ्यूजनची पाटी. मला हे मनापासून खटकतं.

ग्रियो नुसते वादक नसतात. वंशावळी, लढाया, थोरांचे पराक्रम पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ ठेवणारी घराणी आहेत ती. मालीतलं कुयाते घराणं आपलं मूळ थेट १३व्या शतकातल्या माली साम्राज्याचा संस्थापक सुंदियाता केइता याच्या दरबारातल्या ग्रियो बाला फासेकेपर्यंत नेतं. गाण्याचा हा वसा जन्मानंच मिळतो. मालीचा प्रसिद्ध गायक सालिफ केइता राजवंशातला, म्हणून त्याच्या गाण्याला घरातूनच विरोध झाला होता!

आणि कोरा तरी काय वाद्य आहे! मोठ्या अर्ध्या भोपळ्यावर ताणलेलं कातडं, २१ तारा, आणि वाजवायला दोन अंगठे नि दोन तर्जन्या. अंगठे खर्ज आणि मूळ आवर्तन धरून ठेवतात, तर्जन्या वर ताना घेतात. साथही वादक स्वतःच करतो, मुख्य वादनही त्याचंच. इतक्या भरलेल्या वादनात दुसऱ्यानं शिरायचं कुठून?

व्हँसाँ सेगाल या फ्रेंच चेलोवादकाला ते कळलंय. मालीचा कोरावादक बालाके सिसोको याच्याबरोबरचा त्याचा २००९चा ‘चेंबर म्युझिक’ हा अल्बम ऐका. बामाकोत, सालिफ केइताच्या स्टुडिओत, रात्री ध्वनिमुद्रित केलेला. सेगाल कितीदा तरी गज बाजूला ठेवतो आणि बोटांनी तार छेडत नुसता खर्ज सांभाळतो. बालाकेला मोकळं सोडतो. मला हीच खरी दाद वाटते.

२०१७च्या ‘लादिलिकान’ या अल्बममध्ये तर त्याहून पुढची गोष्ट घडली. मालीची ग्रियो गायिका हावा कासे मादी दियाबाते हिचा आवाज ऐकून क्रोनोस क्वार्टेट या अमेरिकन तंतुवाद्य-चौकडीच्या डेव्हिड हॅरिंग्टनला अमेरिकेची गायिका महालिया जॅक्सन आठवली. मग महालियाची गॉस्पेल म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं हावा मालीच्या बांबारा भाषेत गायली, लासाना दियाबातेच्या बालाफोन या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यासोबत. अमेरिकेचं गाणं ग्रियोच्या तोंडी आलं, ग्रियोला अमेरिकन व्हावं लागलं नाही. सहयोग म्हणावा तर असा.

पण सुरुवात कुठून करू असं कुणी विचारलं, तर मी कोरावादक तुमानी दियाबाते आणि बालाकेच्या १९९९च्या ‘न्यू एन्शंट स्ट्रिंग्ज’ या अल्बमचं नाव घेईन. १९७० साली या दोघांचे वडीलही एकाच कोरा-अल्बममध्ये वाजले होते. तुमानी २०२४च्या जुलैत गेला. त्याचा मुलगा सिदिकी कोरा वाजवतो, तोही जरूर ऐका.