काकांची कूस

आमचे काका लष्करात असतात. फौजेत नव्हे, ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात. भातखंड्यांनी 1918 साली सुरू केलेल्या माधव संगीत महाविद्यालयाच्या पायऱ्या त्यांनी तरुणपणी दोन वर्षं झिजवल्या, आणि त्या भांडवलावर आजवर सगळ्यांच्या गाण्याला नावं ठेवत आले. त्यांनी मला फर्मावलं, "तू मोबाइलचं काम करतेस ना? मग कुठला ख्याल किती वेळा पुरता ऐकला, ते लिहून ठेवणारं अ‍ॅप कर."

मला वाटलं, हातचा मळ! प्लेअरला एक लिसनर, म्हणजे निरोपाकडे कान लावून बसणारा कोडचा तुकडा, जोडायचा, 'एंडेड'चा, म्हणजे गाणं संपल्याचा, निरोप आला की आकडा एकाने वाढवायचा. दूध उतू गेलं की हाक मार, असं पोराला सांगून ठेवावं तसं.

पहिल्या दिवशी आकडा शून्य. काकांनी रिपीट लावलं होतं. रिपीटवर गाणं प्लेअरच्या लेखी संपतच नाही; पुन्हा सुरू होताना तो निराळाच निरोप धाडतो, आणि तो घ्यायला माझ्याकडून दाराशी कुणीच नव्हतं. तोही जोडला.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन. "अगं, काल रात्री भूप 7 वेळा ऐकला मी!"

अर्ध्या तासाचा ख्याल. म्हणजे साडेतीन तास. मागून काकू म्हणाल्या, "साडेनऊला लावला आणि दहाला घोरत होते."

त्या रात्री लॅपटॉप घेऊन काकांच्या पलंगाशी ठाण मांडलं. बंदिशीचे शब्द दिसावेत म्हणून स्क्रीन जागाच ठेवला होता मी. काका कुशीवर वळले. हातातला फोन वळला. स्क्रीन आडवा झाला. अँड्रॉइडने अ‍ॅपचा जुना पडदा मोडून नवा उभारला, नव्या पडद्याने नवा लिसनर जोडला, आणि जुन्याला कुणी घरी पाठवलंच नाही. चूक माझीच. काका उताणे झाले, आणखी एक. ख्याल संपला तेव्हा सगळे एकदम ओरडले, "संपला!"

पडदा मोडताना लिसनर काढायची एक ओळ घातली. आकडा 1 वर आला. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. "यंत्राला काय कळतंय गाणं!"

काकूंनी मात्र मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं, "ते आधीचं परत घालता येईल का गं? रात्री किती वेळा कूस बदलतात, ते डॉक्टर विचारत होते."