लॅपटॉप तांदळात पुरून वाचत नाही

"लॅपटॉपवर पाणी, चहा, काहीही सांडलं तरी घाबरू नका. बंद करा, हेअर ड्रायर मारा, २४ तास तांदळात पुरून ठेवा. दुसऱ्या दिवशी चालू झाला की वाचला. उघडायची गरज नाही." हा मेसेज या ना त्या रूपात फिरतच असतो. त्यातलं 'बंद करा' तेवढं खरं, आणि तेही अर्धंच.

अर्धं अशासाठी, की लॅपटॉप बंद असला, चार्जर काढलेला असला तरी बॅटरी आत जोडलेलीच असते. बटण दाबल्याबरोबर मशीन जागं होतं, म्हणजे आतल्या बोर्डाच्या (सगळे सुटे भाग जिच्यावर बसवलेले असतात त्या पाटीच्या) काही भागात वीज सतत असतेच. ओल आणि वीज एकत्र आली की बोर्डावरचं तांबं गंजायला सुरुवात. त्यामुळे शटडाउनची वाट न बघता बटण दहाएक सेकंद दाबून धरा, भिंतीवरचं बटण बंद करून चार्जर काढा आणि लॅपटॉप उघडाच ठेवून तंबूसारखा पालथा घाला. मग जमेल तितक्या लवकर मागचं झाकण काढून बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. हाताला सवय नसेल तर कारागिराकडे न्या, पण आजच. बॅटरी फुगलेली किंवा गरम लागली तर मात्र स्वतः हात घालू नका.

हेअर ड्रायर? वाऱ्याच्या झोतानं पाणी आणखी आत जातं, उष्णतेनं कीबोर्डच्या कळा वाकतात. विषय संपला.

आता तांदूळ. पाणी अडकलेलं असतं चिपच्या खाली, केसाएवढ्या फटीत; तांदूळ असतो बाहेर डब्यात. तो ते ओढणार कसं? उघड्या, खेळत्या हवेत ठेवलं तरी तेवढंच वाळतं, आणि पोर्टमध्ये दाणे, पीठ जात नाही. फोनच्या बाबतीत अॅपलनंही २०२४ मध्ये हेच बजावलं : तांदळात ठेवू नका, बारीक कणांनी नुकसान होऊ शकतं.

मुळात वाळणं हा प्रश्नच नाही. पाणी उडून जातं. त्यातले क्षार, चहातली साखर, दूध कुठे जाणार? सांडल्यानंतर महिन्याभरानं उघडलेला बोर्ड भिंगाखाली बघा. तिळापेक्षा लहान कपॅसिटरच्या (वीज साठवणाऱ्या सुट्या भागाच्या) टोकाला हिरवट बुरशीसारखा थर, शेजारी तपकिरी चिकट डाग, आणि मधली तांब्याची रेघ गायब.

म्हणूनच 'चालू झाला की वाचला' हे या मेसेजमधलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य. ओला असताना चालू करून बघणं म्हणजे शॉर्टला आमंत्रण. आणि चालू झालाच, तरी आतलं गंजणं थांबत नाही. आधी एखादी कळ अडते, मग चार्जिंग मध्येच तुटतं, आणि तोवर सांडलेला चहा कुणाच्या लक्षातही नसतो. थोडंसं साधं पाणी कीबोर्डवरच अडलं, तर लॅपटॉप खरंच वाचतो. श्रेय तेवढं तांदूळ खातो.

उपाय धुण्याचाच आहे. बोर्ड बाहेर काढून ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. थर जास्त असेल तर अल्ट्रासॉनिक क्लीनर, म्हणजे द्रवात ध्वनिलहरी सोडून घाण सुटी करणारं यंत्र. मेसेजच्या नव्या आवृत्तीत सॅनिटायझर सुचवलाय. त्यात पाणी असतं, बहुतेकदा ग्लिसरीनही, म्हणजे एक चिकटा काढून दुसरा लावायचा.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच : डेटा. एसएसडी (डेटा साठवणारा भाग) सुटी निघणारी असेल तर ती काढून, कोरडी असल्याची खात्री करून दुसऱ्या मशीनवर वाचता येते. बोर्डावरच डाख देऊन बसवलेली असेल, तर डेटासाठी आधी बोर्डच जिवंत करावा लागतो.