जुनं ते मोडीत

जुन्या वस्तू जमवायचा नाद असेल तर खान्देशात हिंडावं ते कानबाईच्या आधी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ही देवी बसते आणि तिच्या तयारीत घराघरांतून शंभर वर्षांचा काळ एका सकाळीत धुऊन निघतो. समया, घंगाळं, देव, सगळं चिंचेनं घासायचं, वर हौस म्हणून पावडर. ज्या काळपट झाकेवर आमच्यासारखे लोक जीव टाकतात, तिला पारोळ्याकडची माझी मावशी सरळ ‘मळ’ म्हणते.

मला हवे होते टाक. ठशावर पातळ पत्रा ठोकून घडवलेला, मागून पोकळ असा देव्हाऱ्यातला देव. पिढ्यान् पिढ्या रोज अंघोळ घालून जुन्या टाकावरच्या खंडोबाचं नाक जातं, डोळे जातात, घोडा कुठे संपला आणि म्हाळसा कुठे सुरू झाली हे भक्तालाच ठाऊक. आमच्या लेखी ही झीज म्हणजे जन्माचा दाखला. घरच्यांच्या लेखी देव झिजला, म्हणजे नवा करायला झाला! मी पोचलो तेव्हा मावशीचा खंडोबा ताजी दाढी केलेल्या नवरदेवासारखा चमकत होता.

“आणि जुना?”

“सोनारले दिधा. मजुरीमा वळता करा त्यानी.”

तिथून पुढे मी पितळेवर आलो. पण पितळेच्या वाटेत मोडवाला उभा असतो. तो वजनकाटा घेऊन दारात येतो, किलोचा भाव सांगतो, बदल्यात स्टीलचा डबा देतो आणि पाच मिनिटांत जातो. मी येतो, समई उलटी करून बूड बघतो, नखानं खरवडतो, भिंगातून पाहतो आणि मग ‘नक्षी छान आहे’ म्हणतो. गावाला कोण भरवशाचा वाटणार? मावशीनं तर तोंडावर विचारलं, “तू मोडवाला कव्हय व्हयना रे?”

वस्तू बघायची तर आधी जेवावं लागतं, हा इथला नियम. जेवायचं म्हणजे शेवभाजी, वर भरीत, आणि नको म्हणायच्या आत ताटात पडलेली दुसरी भाकरी. त्यानंतर माळ्यावर चढायची ताकद कुणात उरते? इतिहासाचार्य राजवाडे जुनी दप्तरं शोधत गावोगाव पायपीट करायचे. १९२६ साली ते गेले तेही धुळ्यातच, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे आजही आहे. एवढे कागद त्यांनी मिळवले कसे, यापेक्षा जेवणातून सुटका कशी करून घेतली, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं होतं.

माळ्यावर अखेर एक लक्ष्मी निघाली. रविवर्म्याच्या छापखान्यातली, खाली ‘कार्ला-लोणावळा’ असं छापलेलं. छापखाना मुंबईहून लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला १८९९ मध्ये, म्हणजे चित्र त्यानंतरचं. छापील चित्राला लोककला कोण म्हणेल, असं विचाराल. पण या घरातल्या कुण्या सुनेनं त्या छापील साडीवर खरी जर आणि टिकल्या शिवल्या होत्या, दागिन्यांवर मणी बसवले होते. हजारोंनी छापलेली लक्ष्मी तिनं आपल्या एकटीची करून टाकली होती. पदराच्या एका टोकाला मात्र झगझगीत नायलॉनची लेस. “जर निंघी जाये, मी गये दिवायीले नवी लाई,” मावशी कौतुकानं म्हणाली.

वय विचारलं. “मन्ही सासू लगीन करीसनी उनी, तवय बी हाई जुनंच व्हतं.” यापेक्षा पक्की तारीख मला कुठल्या व्यापाऱ्यानं दिलेली नाही. मावसभाऊ मध्येच म्हणाला, “शंभराच्या वरची आहे ना? अमेरिकेत विकू!” शंभरी ओलांडलेली कलावस्तू १९७२ च्या कायद्यानं परदेशी विकता येत नाही, हे सांगितल्यावर त्याचा इतिहासातला रस तिथेच संपला.

मी पाकीट काढलं. मावशी भडकली. देवी काय विकायची वस्तू आहे? तशीच घेऊन जा म्हणाली, फक्त दर शुक्रवारी दिवा लावायचा, आरती करायची, नैवेद्याला गोड काहीतरी.

माझ्या संग्रहात लक्ष्मीची जागा ठरलेली होती: काचेमागे, ऊन आणि धुरापासून लांब. आता शुक्रवारी सातच्या सुमारास फोन वाजतो, व्हिडिओवर. आधी दिवा दाखवावा लागतो, मग प्रसाद. मागच्या शुक्रवारी मी शिरा दाखवला, तर ती म्हणाली, “हाऊ तर मागला शुक्करवारना शे.”