‘जुने विनोदवीर सुचेल ते बोलायचे’ : एका लाडक्या गैरसमजाबद्दल

लंडनच्या म्यूझिक हॉलमधले, म्हणजे गाणी-विनोदाच्या जुन्या करमणूक-थिएटरांतले, विनोदवीर रंगमंचावर यायचे आणि सुचेल ते बोलायचे. अमेरिकेतले लेट-नाइटवाले, म्हणजे रात्री उशिराच्या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांचे सूत्रधार, मात्र भाडोत्री लेखकांचं वाचून दाखवतात, वर हशाही डबाबंद, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेला. असा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. त्यात एक गोष्ट अर्धवट खरी आहे, बाकीच्या नाहीत.

‘सुचेल ते’पासून सुरुवात करू. म्यूझिक हॉलचा मुख्य माल म्हणजे विनोदी गाणं आणि कडव्यांच्या मधली बडबड, म्हणजे पॅटर. गाणी लिहिणारे वेगळे असायचे. म्यूझिक हॉलची गायिका मेरी लॉइड हिचं १८९२चं ‘ओ, मिस्टर पोर्टर’ जॉर्ज आणि थॉमस ल ब्रन यांचं. नावाजलेला कलाकार एका रात्रीत बग्गीने तीन-चार हॉल गाठायचा आणि सगळीकडे तोच ठरलेला ‘टर्न’, म्हणजे आपला छोटा कार्यक्रम, करायचा. एका ठिकाणी रंगात येऊन पाच मिनिटं लांबवली, की पुढच्या हॉलची वेळ हुकली. गाव बदललं की प्रेक्षक नवा, त्यामुळे एकच मजकूर वर्षानुवर्षं चालायचा.

त्या परंपरेतलं एक स्केच आजही बघता येतं: इंग्लिश विनोदवीर फ्रेडी फ्रिंटनचं ‘डिनर फॉर वन’. लेखक लॉरी वायली. फ्रिंटनने ते अनेक वर्षं रंगमंचावर घोटलं आणि मग १९६३ मध्ये जर्मनीच्या एनडीआर या प्रसारण संस्थेने चित्रित केलं. बटलर येता-जाता जमिनीवरच्या वाघाच्या कातड्याच्या डोक्याला अडखळतो. प्रेक्षकांना त्याची पुरती सवय झाली, की एका खेपेला तो न अडखळता सरळ निघून जातो आणि स्वतःच चकित होतो. मोठा हशा तिथे येतो. आधीच्या खेपा मोजून-मापून बसवलेल्या नसतील, तर या जागेला काहीच अर्थ उरत नाही.

आता लेखकांचा मुद्दा. लेट-नाइटला लेखक असतात, हे कबूल. पण त्याचं कारण आळस नव्हे. टीव्हीवर सांगितलेला विनोद एका रात्रीत देशभर पोचतो आणि उद्या शिळा होतो. आठवड्याला चार-पाच मोनोलॉग, म्हणजे सुरुवातीला सूत्रधाराने एकट्याने सांगायचे विनोद, तेही त्या दिवसाच्या बातम्यांवर. एकट्याने वर्षानुवर्षं रेटायचं हे काम नाही. लेखकांच्या संपात हे उघड दिसतं. १९८८ मध्ये लेट-नाइटचे सूत्रधार जॉनी कार्सन आणि २००८च्या जानेवारीत जे लेनो स्वतः मोनोलॉग लिहून उभे राहिले, म्हणजे लिहिता येत नव्हतं असं नाही (लेनोवर तर लेखकांच्या संघटनेने त्यावरूनच आक्षेप घेतला). २०२३च्या संपात मात्र २ मेपासून हे कार्यक्रम बंद पडले, ते ऑक्टोबरात परतले.

‘वाचून दाखवतात’ हेही वाटतं तितकं सोपं नाही. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या विनोदी स्केचेसच्या कार्यक्रमात रात्री आठच्या सुमारास प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम होते. जे पडलं ते कापायचं, ओळी बदलायच्या, हाताने लिहिलेली क्यू-कार्डं (नटांनी बघून बोलायच्या ओळींची) दुरुस्त करायची आणि साडेअकराला थेट प्रक्षेपण. कार्ड कॅमेऱ्याच्या भिंगापासून जरा लांब धरलं गेलं, की नटाची नजर भरकटलेली घरबसल्या दिसते.

राहिला डबाबंद हशा. चार्ली डग्लसचं हशाचं यंत्र गाजलं ते मुख्यतः सिटकॉममुळे, म्हणजे टीव्हीवरच्या विनोदी मालिकांमुळे. लेट-नाइटला समोर माणसं बसलेली असतात. आधी एक विनोदवीर त्यांना तापवून जातो, टाळ्यांच्या पाट्याही लागतात, म्हणून हशा खोटा ठरत नाही. कार्सन तर पडलेल्या विनोदावरच हमखास हशा मिळवायचा: थंड स्टुडिओकडे एक नजर, आणि स्वतःच्याच फजितीवर एखादी ओळ. मागून यंत्राचा हशा सोडला असता, तर ती ओळ टाकायला जागाच राहिली नसती.