लठ्ठ उमराव, दहा मते आणि २७ मे १६७९

इंग्लंडमधील ‘हेबियस कॉर्पस’ कायद्याविषयी, म्हणजे अटकेतील माणसाला न्यायालयापुढे हजर करायला लावणाऱ्या कायद्याविषयी, एक किस्सा समाजमाध्यमांवर वरचेवर फिरत असतो. त्याचा आशय असा: १६७९ साली हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे पार्लमेंटच्या उमरावांच्या सभागृहात, हे विधेयक मतास टाकले गेले, मते मोजणाऱ्या उमरावाने दारातून आत येणाऱ्या एका अगडबंब सदस्याला गमतीने दहा जण म्हणून मोजले, शेजारी उभ्या असलेल्या प्रतिपक्षाच्या मोजणाऱ्याचे लक्ष नव्हते, विधेयक दोन मतांनी मंजूर झाले, आणि बेकायदा अटकेविरुद्धचा हक्क जगाला प्रथमच, तोही एका थट्टेतून, सर्वांसाठी मिळाला. यातील एक भाग गंभीरपणे घेण्याजोगा आहे, परंतु बाकीचे भाग त्याच्या आधाराने खपून जातात, म्हणून प्रत्येक विधान सुटे करून तपासणे भाग आहे.

पहिले विधान असे की त्या दिवशी विधेयकावर मतदान झाले. तसे झालेले नाही. विधेयक कॉमन्समध्ये, म्हणजे निवडून आलेल्या सभागृहात, मंजूर होऊन लॉर्ड्सकडे आले होते, आणि लॉर्ड्सने त्याला अनेक दुरुस्त्या जोडून ते परत पाठवले होते. त्यांपैकी काही दुरुस्त्यांचा हेतू विधेयक सुधारण्यापेक्षा ते अडकवून ठेवण्याचा होता, असे मानायला जागा आहे. पुढे काही दिवस कागद दोन्ही सभागृहांत येरझाऱ्या घालत राहिला. इतक्यात राजा दुसरा चार्ल्स अधिवेशन संपवणार अशी कुणकुण लागली. राजाच्या भावाला, यॉर्कच्या ड्यूक जेम्सला, वारसाहक्कातून वगळण्याच्या विधेयकाचे दुसरे वाचन कॉमन्सने २१ मे रोजी २०७ विरुद्ध १२८ मतांनी मंजूर केले होते, आणि राजाचा माजी मुख्य मंत्री डॅन्बी याच्यावरील महाभियोगाच्या खटल्यात बिशपांनी बसावे की नाही यावरून दोन्ही सभागृहे एकमेकांशी भांडत होती. राजाला यातून सुटका हवी होती. अधिवेशन संपले की अपुरे राहिलेले प्रत्येक विधेयक मरते, हा तेव्हाचा तेथील नियम कॉमन्सला पक्का ठाऊक होता, म्हणून त्यांनी लॉर्ड्सच्या दुरुस्त्या निमूटपणे पत्करायचे ठरवले. आता एकच अडचण उरली होती. विधेयकाचा कागद कॉमन्सच्या हाती होता, आणि तो रीतसर लॉर्ड्सकडे पोचायचा तर दोन्ही सभागृहांच्या प्रतिनिधींची एक बैठक आवश्यक होती.

२७ मे रोजी लॉर्ड्समध्ये मतविभागणी झाली ती या प्रश्नावर: अशी बैठक घ्यावी की न घ्यावी. बाजूने ५७ आणि विरुद्ध ५५ मते पडल्याची नोंद झाली. हा ठराव पडता तर विधेयक कॉमन्समध्येच अडकून संपले असते, तेव्हा मतदान क्षुल्लक होते असे मी म्हणणार नाही. परंतु नागरिकांचे स्वातंत्र्य असावे की नसावे यावर उमराव दोन मतांच्या फरकाने दुभंगले होते, असे जे चित्र रंगवले जाते, त्याला या आकड्यांचा आधार नाही.

दुसरे विधान प्रत्यक्ष मोजणीचे. येथे मात्र किस्सा उडवून लावणाऱ्यांचेही ऐकून चालणार नाही. किस्सा आपल्यापर्यंत आला तो गिल्बर्ट बर्नेट या धर्मोपदेशक-इतिहासकाराच्या लेखनातून. बर्नेट पुढे १६८९ मध्ये सॉल्झबरीचा बिशप झाला. म्हणजे १६७९ साली तो लॉर्ड्सचा सदस्य नव्हता, आणि त्याचा हा वृत्तान्त त्याच्या मृत्यूनंतर, १७२४ साली, घटनेला ४५ वर्षे लोटल्यावर छापला गेला. त्याच्या सांगण्याप्रमाणे लॉर्ड ग्रे आणि लॉर्ड नॉरिस हे मोजणारे होते. नॉरिसचे चित्त नेहमी ठिकाणावर नसे. ग्रेने आधी थट्टेने दहा मोजले आणि नॉरिस काही बोलत नाही असे पाहून तोच आकडा पुढे चालवला. त्या लठ्ठ उमरावाचे नाव बर्नेट देत नाही. शिवाय मतदान विधेयकावरच होते असे तोही समजून चालतो. ऐकीव हकिकतीत जे घडते तेच येथे घडले आहे.

एवढ्यावर हा किस्सा निकालात काढता आला असता. परंतु लॉर्ड्सच्या नोंदींत त्या दिवशी १०७ सदस्य हजर असल्याचे दिसते, आणि ५७ व ५५ यांची बेरीज ११२ होते. हजेरीपेक्षा मते पाच अधिक! कॉमन्सचा सभापती आर्थर ऑन्स्लो याने अठराव्या शतकातच बर्नेटच्या मजकुरावर टिपण करताना ही विसंगती दाखवून दिली होती. आता हिशेब करून पाहू. एकाला दहा धरले तर नऊ मते फुगतात. ती वजा केल्यास ५७ चे ४८ होतात, एकूण मते १०३ भरतात, आणि १०७ पैकी चौघांनी मत दिले नाही असे मानले की सगळे जुळते. मग ठराव सात मतांनी पडायला हवा होता. हा ताळा बर्नेटच्या बाजूने जातो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मात्र ताळा जुळणे वेगळे आणि पुरावा मिळणे वेगळे. उशिरा आलेल्या पाच जणांची नावे हजेरीत लिहायची राहून गेली असली, तरीही हीच विसंगती दिसली असती, आणि कारकुनाची अशी चूक एका उमरावाला दहा मोजण्यापेक्षा पुष्कळच साधी आहे. माझे मत असे की मोजणीत काहीतरी चुकले असावे. ते थट्टेमुळेच चुकले, हे ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही.

तिसरे विधान, म्हणजे हा हक्क तेव्हा प्रथमच मिळाला, हे तर सरळच चूक आहे. कैद्याला न्यायालयापुढे हजर करा आणि त्याच्या अटकेचे कारण सांगा, असा आदेश इंग्लंडची न्यायालये त्यापूर्वी कितीतरी काळ देत आली होती. उणीव आदेशाची नव्हती. तो टाळण्याच्या वाटा मोकळ्या होत्या. १६२७ साली सक्तीचे कर्ज नाकारणाऱ्या पाच सरदारांनी हाच आदेश मागितला, तेव्हा ‘राजाच्या खास आज्ञेवरून’ एवढेच कारण पुढे करण्यात आले आणि न्यायाधीशांनी त्यांना परत कोठडीत धाडले. कैद्याला दूरच्या बेटांवर किंवा ठाण्यांवर हलवले की इंग्लंडमधील न्यायालयाचा हात तिथवर पोचत नसे. १६६७ मध्ये राजाचा मुख्य मंत्री राहिलेल्या क्लॅरेंडनवरील महाभियोगात हाही एक आरोप होता. १६७६ साली फ्रान्सिस जेंक्स नावाच्या लंडनच्या कापड व्यापाऱ्याला नवी पार्लमेंट बोलवावी असे भाषण केल्याबद्दल अटक झाली, आणि न्यायालयांना सुट्टी आहे या सबबीवर त्याला आदेश नाकारण्यात आला.

१६७९ च्या कायद्यातील कलमे या पळवाटांसमोर ठेवून वाचली की त्यामागची मेहनत दिसते. सुट्टीतही आदेश द्यायचा, आणि नाकारणाऱ्या न्यायाधीशाला ५०० पौंड दंड. अटकेच्या हुकुमाची प्रत मागितल्यापासून सहा तासांत द्यायची. न्यायालय २० मैलांच्या आत असेल तर तीन दिवसांत, १०० मैलांपर्यंत दहा दिवसांत आणि त्याहून दूर असेल तर वीस दिवसांत कैदी हजर करायचा. तुरुंगाधिकाऱ्याने टाळाटाळ केली तर पहिल्या वेळी १०० पौंड, दुसऱ्या वेळी २०० पौंड दंड आणि नोकरीलाही मुकणे. कैद्याला समुद्रापार पाठवणे बेकायदा. ही कलमे एका दुपारच्या गमतीतून निघालेली नाहीत. १६६८ पासून अशा विधेयकांचे प्रयत्न होत होते आणि बुडत होते.

राहिले ‘सर्वांसाठी’ हे विधान. कायदा गुन्ह्याच्या आरोपाखालील अटकेपुरता होता. कर्जापायी तुरुंगात पडलेल्याला त्याचा उपयोग नव्हता, आणि गुन्ह्याबाहेरच्या स्थानबद्धतेसाठी १८१६ साली वेगळा कायदा करावा लागला. अवाच्या सवा जामीन मागून कैद्याला आत ठेवण्याची वाटही १६७९ मध्ये तशीच राहिली. तिला मनाई झाली ती १६८९ च्या हक्कांच्या सनदेत. त्याच १६८९ साली पार्लमेंटने हे संरक्षण तात्पुरते स्थगितही केले.

साम्राज्यातील प्रजेचे म्हणाल, तर उदाहरण पुण्याचेच आहे. १८२८ साली नातेवाइकाच्या ताब्यात असलेल्या मोरो रघुनाथ या मुलाला हजर करावे, असा आदेश मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने काढला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी त्याची अंमलबजावणी होऊ दिली नाही. न्यायाधीश सर जॉन पीटर ग्रँट इतके संतापले की एप्रिल १८२९ मध्ये त्यांनी न्यायालयाचे कामकाजच बंद ठेवले. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे वसाहतींतील अपिले ऐकणाऱ्या राजाच्या सल्लागार मंडळापुढे, गेले, आणि निकाल सरकारच्या बाजूने लागला: मुंबई बेटाबाहेरच्या एतद्देशीय रहिवाशांसाठी असा आदेश काढण्याचा त्या न्यायालयाला अधिकार नव्हता.